फताडे

मगरिबनंतर मुहर्रकच्या बाजारात
गुलजमीन म्हणतो, आत्ता आलात ते बरं केलंत,
सकाळचा पाय खोटं बोलतो.

बारा तास वॉर्डात उभा राहिलेला, सुजलेला,
खरा पाय
मी त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवते.
तो पेन्सिल उभी धरतो, जराही कलू देत नाही,
करंगळीच्या वळणाशी थांबतो,
पुढे जातो.
हसत नाही.
एवढ्यासाठीच मी दोन दिनार जास्त दिले असते.

आमच्याकडे या पायांना शब्द होता: फताडे.
बेबीआत्या म्हणायची, हिला चपला नकोत, होड्या आणा.
मग लग्नात, मुलाखतीत, विमानात
मी बोटं एकमेकांवर चढवून बसत आले,
कॅम्पातल्या बंकवर
एका खोलीत आठ माणसं निजावीत तशी.

मॉलमधला मुलगा म्हणाला होता, एक नंबर मोठा घ्या.
घेतला.
पुढे रिकामी गल्ली,
बाजूला तीच चेंगराचेंगरी.

याचा तळ पातळ, वाकवला तर मुठीत मावेल.
टाच नाही, कमान नाही.
एकच दोरी अंगठ्याशेजारून निघते,
घोट्याला वळसा घालून परत येते.
'चालून दाखवा.'
असं मला पूर्वीही एकदा सांगितलं होतं,
सतरंजीवर, चहा पिणाऱ्या सहा जणांसमोर.
त्यांनी नंतर कळवतो म्हटलं.

मी अत्तरवाल्यापर्यंत जाऊन येते.
डावी टाच निसटते,
उजव्या बेचक्यात गाठ टोचते.
तो हातोडीनं गाठ चपटी करतो,
बाजूचं भोक अर्धं बोट मागे घेतो
आणि दोरी सैल सोडतो.
घट्ट करा ना, मी म्हणते.
'बाजी, घट्ट केल्यानं पाय थांबत नाही,
नुसता वळ उठतो.'

खुंटीला तारेत ओवलेले पुठ्ठे, शंभर तरी पाय.
हा सियालकोटचा, गेला.
हा कोलंबोचा आचारी, गेला.
आणि ही,
अंगठ्याजवळचा तो फुगवटा मी लगेच ओळखला,
आमच्याच वॉर्डातली रोवेना,
तीन वर्षं झाली, इलोइलोला परतली.
टाकून का देत नाहीस?
'तिकडून फोन येतो कधी कधी,
अजून एक जोड पाठव म्हणून.'

माझ्या पुठ्ठ्यावर तो उर्दूत नाव लिहितो.
नाव मला वाचता येत नाही,
पाय वाचता येतो.

बाहेर फरशीची प्रत्येक फट कळते,
एक खजुराची बी,
दुपारचं ऊन, जमिनीनं अजून धरून ठेवलेलं.
करंगळी आज कडेलाच आहे,
पण आत.

डावी टाच अजून जराशी निसटते.
आठ दिवसांनी या म्हणालाय,
दोरी सैलावली की.