थांब, बारा सेकंद

एक्केचाळीस स्विच.
काही समुद्राखालच्या बोगद्यांत,
काही सामन माशांच्या गोदामात, जिथे पंख्यालाही वास लागलाय,
एक स्वीनोय बेटावर, शाळेतल्या झाडूच्या कपाटात.

पहाटे तीनला हानुसचा मॅक्रो उठतो.
दारोदार जातो. नाव विचारलं की नाव सांगतो,
पासवर्ड विचारला की पासवर्ड,
सगळं बरंय ना बघतो, लिहून घेतो, निघतो.
हानुस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला.
मॅक्रोला कुणी कळवलं नाही.

आता त्याच्या खुर्चीत मी. उशी त्याचीच.
एका रविवारी फाइल उघडली, साफसफाईला म्हणून.
सदतिसाव्या ओळीवर: थांब, बारा सेकंद.
शेजारी त्याची टीप: स्वीनोय. घाई करायची नाही.
बारा सेकंद! ह्या दिवसांत!
पुसून टाकले,
आणि स्वतःवरच खूश होऊन कॉफी घेतली.

सोमवारी चाळीस हजर, एक गैरहजर.
प्रश्न यायच्या आधीच आपली उत्तरं पोचली होती.
नाव वाऱ्यावर गेलं
आणि नावाच्या रकान्यात जाऊन बसला पासवर्ड,
फाइलीत इतकी वर्षं नुसत्या चांदण्या असलेला,
लॉगमध्ये उघडाबोडका, तीनदा:
फ्लेक्का१९८७.
तीन चुका. कुलूप.

मंगळवारी धुकं. बोट बुधवारी.
शाळेत मुलं दोन, बाई एक, बिर्ना.
'हानुस नाही आला?'
'मी आलेय.'
'हं,' म्हणाली, आणि किल्ली शोधायला गेली ती गेलीच.

झाडूंमागे करडा खोका, एक दिवा मिचमिचता.
केबल लावली. एन्टर दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबणार, तेवढ्यात थोरल्यानं माझा हात धरला
आणि मोठ्यांदा मोजायला लागला. धाकटीही.
हे त्यांना कुणी शिकवलं, विचारावं लागलं नाही.
नऊ. दहा. अकरा.
पडद्यावर उमटलं: नाव?
थोरला थांबला. धाकटी मोजतच राहिली,
बारा, तेरा, चौदा, मग तिचे आकडे संपले.

निघताना बिर्नाला विचारलं, फ्लेक्का कोण?
'त्याची मेंढी. कड्यावरून गेली.
दोन दिवस दोर लावून शोधत होता.'

एक्केचाळीसही ठिकाणी नवा पासवर्ड घातला,
लांबलचक, कुणाचाच नसलेला.
परतीच्या बोटीत, मळमळत,
सदतिसावी ओळ परत लिहिली:
थांब, चौदा सेकंद.
टीप त्याचीच राहू दिली.