तिसऱ्या बाथरूमची कडी

बादली विकत घेऊ नकोस, माझी घे.
एक पेपर राहिलाय, तो दिला की मी खोली सोडणार.
बुडाला नेलपॉलिशने 'म. बिराजदार' लिहिलंय,
ते मी नाही. महादेवी जतची,
कन्नडमधून शिव्या द्यायची आणि मराठीतून माफी मागायची.
तिची बादली मला आली, आता तुला.
नाव खरवडू नकोस, त्याखाली तुझं लिही.

पहाटे पाचला बादल्या उठतात, आपण नाही.
पॅसेजमध्ये रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीत एक मग, एक साबणाची डबी,
आणि आपण साडेसहापर्यंत पांघरुणात.
या हॉस्टेलात चोरलेला शांपू माफ होतो,
मागे सरकवलेली बादली होत नाही.

रबरी चप्पल घे, खरखरीत तळाची.
नळाखाली फरशी शेवाळलेली आहे.
मिरजेची तहसीन पहिल्याच आठवड्यात पडली,
हनुवटीला तीन टाके.
साबणाची डबी भोकांची हवी,
नाहीतर चार दिवसांत साबणाची खीर.

जाळीतले आपले केस आपण उचलायचे. बोटांनी.
किळस आली तरी ते कालपर्यंत तुझ्याच वेणीत होते.
पॅड पेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात.
एकदा संडास तुंबला तेव्हा
गोदाक्कांनी कोपरापर्यंत हात घातला होता
आणि आम्ही चौघी दारात
एकमेकींच्या पायांकडे बघत उभ्या होतो.
कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सोलरचं पाणी आधी गार येतं. सहा मग.
सगळ्या सोडून देतात मोरीत.
मी मोजले, कारण आमच्या आटपाडीकडे
सहा मगांत एक माणूस न्हातं,
आणि न्हाणीतलं पाणी दगडावरून डाळिंबाच्या बुडाशी जातं.
इथे पहिल्याच दिवशी कोळेकर बाईंनी
जिन्याजवळ पुराची रेघ दाखवली, माझ्या खांद्याच्या वर.
सगळ्या अगंबाई म्हणाल्या.
मला वाटलं, एवढं पाणी एका जागी,
आणि ‘नळ बंद कर गं’ म्हणून ओरडायला कुणी नाही.
ते सहा मग दुसऱ्या बादलीत धर. मोजे भिजव, काहीही कर.
मला हसतात. तुलाही हसतील.

आता तिसरं बाथरूम.
तिथली कडी लागत नाही.
भरलेली बादली आतून दाराला टेकव, पाण्याचं वजन पुरतं.
तिसऱ्यात नळ बराच वेळ चालू असला
आणि कपडे आपटल्याचा आवाज नसला
तर दार वाजवायचं नाही.
हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं नाही.

माझीही वेळ आली, पहिल्या सत्राच्या निकालाला.
बादली टेकवली, नळाला हात लावला
आणि मला तो सोडताच येईना.
रडण्यासाठी पाणी सोडायचं?
आईला काय सांगणार होते मी?
करंगळीएवढी धार धरली,
तिच्यात काय झाकणार.
तोंडात टॉवेल कोंबला तरी हुंदका बाहेर गेला.

बाहेर चपला थांबल्या.
मग पहिल्या बाथरूमचा नळ कुणीतरी सोडला,
पूर्ण, फरशीवर, धो धो.
मग दुसऱ्याचा.
बोललं कुणी काही नाही.
मी रडत होते आणि मनात मोजत होते,
आठ मग, वीस मग, एक बादली, दीड,
मग मोजणं सुटलं.

बाहेर आले तेव्हा पॅसेज रिकामा,
दोन्ही फरश्या ओल्या,
आणि पहिल्यात महादेवीची चप्पल विसरलेली.
मी ती उचलून तिच्या दाराशी ठेवली,
डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.

तर, कडी दुरुस्त करा म्हणून अर्ज देऊ नकोस.
आणि तिथल्या खिळ्याला टॉवेल अडकवू नकोस,
गंजलाय, डाग जात नाही.