उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव

पवळेकाकांच्या दुकानात, शिलाई मशीनच्या फळीवर
माझा लॅपटॉप. खाली पेडल, पाय आपोआप हलतात.
विमा कंपनीने लिहिलंय: पुराव्यासह कळवा,
त्या रात्री पाणी नेमकं किती होतं.

फाइल उतरवली. तिसऱ्यांदा. नावापुढे कंसात तीन.
उघडली तर सगळं एकाच रकान्यात,
स्वल्पविरामांचे कच्चे टाके घालून ठेवलेलं.
"उसवावं लागेल," मी म्हणाले.
"ते मला कळतं," काका म्हणाले.

उसवलं. ठाण्याचं नाव गुजरातीत होतं, त्याच्या जागी
टोपी घातलेले इंग्रजी ए, तुटके चौकोन,
मधेच एक परदेशी नाणं.
क्रमांकापुढची दोन शून्यं गिळलेली.
पुढे उभ्या शून्याला किंमत नसते,
हे यंत्रालाही कुणीतरी शिकवून ठेवलंय.
आणि तारखा! पाच ऑगस्टचा झाला आठ मे.
बारापर्यंतचे दिवस निमूटपणे
भलत्याच महिन्यांत जाऊन बसले;
तेरापासूनचे मात्र डाव्या कडेला अडून राहिले,
अक्षरं होऊन.
"हे बरे," काका म्हणाले, "हे आपल्यातले."

रकाना रुंद केला. कुंपणं मोडून आकडे बाहेर आले.
विश्वामित्री तासातासाने चढत होती.
चोवीस फूट, सव्वीस, साडेअठ्ठावीस.
मी खाली सरकत होते, काका मागून वाचत होते,
ओठ हलवत, पाणी जणू आत्ता येतंय.
रात्री अकरा: एकतीस.
बारा: उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
एक: तेच.
दोन, तीन, चार.
सहज सरासरी काढून पाहिली,
नदी पाताळात.

"हे काय?"
नोंद नाही, काका. कुणी वाचलंच नाही.

काका उठले. गळ्यातली टेप भिंतीला लावली,
जमिनीपासून त्या मातकट रेघेपर्यंत,
दोनदा रंग देऊनही वर येते ती.
चार फूट दोन इंच.
अकरा आणि पाच यांच्यामध्ये
मला सरळ रेघ ओढता आली असती.
कोपऱ्यातला ठिपका धरायचा, खाली ओढायचा,
पाच घरं भरली असती, पटतील अशा आकड्यांनी.
बोट ठेवलंही होतं.

काका टेप गुंडाळत होते दोन बोटांवर.
"बारा वाजता मी माळ्यावर. सात मशीनची मुंडकी
एकेक करून वर नेलेली, आठवं राहिलं.
तो मोजणारा... त्याची खोली पुलापाशीच असणार ने?
हेमखेम आहे ना तो?"

मी पडद्याकडे पाहिलं.
पाच वाजता: तेहतीस पूर्णांक चार.
दशांशासकट.
"आहे," म्हणाले. "पाचला परत कामावर आलाय."
"मग झालं."

उणे सगळे काढले. घरं रिकामी ठेवली.
शेजारी शेरा लिहिला:
दुकानाची भिंत, चार फूट दोन इंच, शिंप्याच्या टेपने.
जतन करताना यंत्राने विचारलं,
या स्वरूपात काही गोष्टी टिकणार नाहीत, चालेल?
काकांनी चष्मा वर सारून वाचलं, सावकाश.
"त्याला सांग, नाही चालणार."

मी दुसरं स्वरूप निवडलं.
पायाखाली, पट्टा नसलेलं चाक
अजून फिरतच होतं.