विद्याझ

शनिवारी सकाळी वाळूजच्या गेस्ट हाऊसवरून उचललं त्यांना.
इलोना मॅडम, हंगेरीच्या. नवी प्रेस बसवायला आलेल्या.
वय साठीकडं, पायात सेफ्टी शूज,
सुट्टीच्या दिवशीसुद्धा.
सुपरवायझर म्हणाला, कचरू, दोन दिवस फिरव.
इंग्रजी त्यांनाही येत नाही, म्हणजे तू बरोबरीत.

मध्ये फोन होता.
त्या त्याच्या कानात बोलायच्या,
तो बातम्या दिल्यासारखा मराठीत सांगायचा:
कृपया मला पुरातन दगड दाखवा.

नगर नाक्याला त्यांनी माझं नाव विचारलं.
फोन जरा घुटमळला,
मग मॅडमचा चेहरा पडला.
तुमच्या आईने तुम्हाला केर का म्हटले?

आता काय सांगावं.
माझ्या आधीची दोन गेली, पाळण्यातच.
मला आईनं उकिरड्यावर ठेवलं, घोटभर पाणी पिऊन होईस्तोवर,
आणि परत उचललं.
टाकून दिलेलं कोण नेतंय?
हे सगळं मी छावणीतून जाताना एका दमात बोललो.
फोननं त्याचे चार शब्द केले.
कुठले चार, देव जाणे.
मॅडम दौलताबाद येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

किल्ल्यात अंधारीच्या तोंडाशी रेंज गेली.
मशालवाला गर्दीबरोबर पुढं निघून गेलेला.
परक्याला चकवायलाच खोदलेली वाट ती,
पायरी कुठं वीतभर, कुठं गुडघ्याएवढी.
मी दर पायरीला म्हणायचो, सांभाळून.
त्याही म्हणायच्या, सांभाळून.
मग वरचा काळोख हलला,
फडफडला,
मॅडमनी माझा दंड धरला. विद्याझ!
म्हटलं, विद्या? विद्या माझी मेव्हणी.
त्या परत, वर बघत, हळू आवाजात: विद्याझ.
बरं. वटवाघूळ.
पाठ केलं.

बाहेर सीताफळवाल्या बसलेल्या.
बी गिळायची नसते, हे थुंकून दाखवलं.
लगेच कळलं.

रविवारी पाणचक्की, मकबरा, हिमरूची शाल
(भाव कॅल्क्युलेटरवर, रुसवाफुगवा तोंडावर).
यादीतलं सगळं झालं.
मॅडमनी फोटो काढले, काढायचे म्हणून.

विमानतळाच्या अलीकडं एक रसवंती आहे, अफसर पठाणची.
तिथं हातानंच म्हणाल्या, थांबवा.
रस प्यायला नाही.
चरकाजवळ गेल्या, मान तिरकी करून डोळे मिटले,
डॉक्टर छाती ऐकतो तसे.
क्या हुआ बाई को? अफसर घाबरला.
मी डिकीतून पाना काढून दिला. मागितला नव्हता.
डावीकडचं बेअरिंग.
चरक बंद, दोन आटे, बोटभर ग्रीस, चरक चालू,
आणि घुंगरांशिवाय सगळा आवाज गेला.
मशिनवर थाप मारत मॅडम बोलत राहिल्या,
त्यांच्या भाषेत, खूप वेळ, रागावून, मायेनं.
अफसर मान हलवत म्हणाला,
हौ ना, दस साल से यईच बोल रउं मैं.
तीन ग्लास भरले. पैसे घेतले नाहीत.
फोन गाडीतच होता, डॅशबोर्डवर, तापलेला.

विमानतळाच्या पायरीवर त्या थांबल्या.
बोटानं पायरी दाखवली,
शाळेत उत्तर येणाऱ्या पोरीसारख्या हसल्या
आणि म्हणाल्या, सांभाळून.
दुरुस्त करणार होतो. मागं पोलिसानं शिट्टी मारली.
तर आता हंगेरीत कुठंतरी
एक बाई जिन्याला सांभाळून म्हणत असेल.

परतताना, नगर नाक्याच्या लाल दिव्याला, डोक्यात आलं:
मग विद्याझ म्हणजे काय?

कुणाला विचारलं नाही.
घरामागच्या चिंचेवर दिवेलागणीला वटवाघळं येतात,
पोरगी अंगणातून ओरडते, पप्पा, विद्याझ आले!
तिची मावशी घरात असली
तर चिडते.