आधी इथे

काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ:
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही.
खाली एक आडवी रेघ, लुकलुकत.

सातवीच्या भूगोलाची एकशे बारा पानं आत,
मुद्रितं तपासलेली,
सकाळी नऊला छापखान्यात द्यायची.
मी बटण दाबून तीस आकडे मोजले,
चार्जर काढला, लावला,
आणि कोणी बघत नव्हतं म्हणून
दोन चापट्याही मारल्या.

कन्नमवार नगरात रात्री साडेदहाला
हेमांगिनी करगुटकरचं शटर अर्धं वर असतं.
तिने डोळ्याला भिंग लावलं,
पाठीचे अकरा स्क्रू चहाच्या बशीत ठेवले
आणि मेमरीचे सोनेरी दात
शाळेतल्या खोडरबराने घासले.
"खोडून आठवण परत येते?"
"मळ जातो," ती म्हणाली.

पुन्हा तीच ओळ.

मग तिने यंत्र कडेने फिरवून पाहिलं
आणि हसली नाही, हे तिचे उपकार.
डाव्या कुशीत नखाएवढा पेनड्राइव्ह,
सोसायटीच्या पाणीपट्टीचा,
मंगळवारपासून तिथेच.
"हा आधी इथे बघतो.
इथे नाही मिळालं
की म्हणतो, कुठेच नाही."

उपटला.
पंखा घुरघुरला, पडदा निळसर झाला,
आणि मला नाव विचारलं गेलं
जणू मीच इतका वेळ बाहेर होते.

ऐंशी रुपये. सुटे नव्हते, तिने राहू दे म्हटलं.
बशीत एक स्क्रू उरला होता.
कुठला, ते दोघींनाही सांगता येईना.