बुराक

हनुवटी इथे. कपाळ पुढे.
हिरवा ठिपका दिसतो तिकडे बघा, कायतानबाब,
पापणी मिटू नका.
(मिटते. सगळ्यांची मिटते.)
पुन्हा एकदा.

चोडणहून पहिल्या फेरीबोटीने आलेत,
चष्म्याचा नंबर काढायला.
सहज म्हणाले, रात्री डाव्या डोळ्याच्या कडेला
कुणीतरी टॉर्च मारतं,
वळून बघावं तर कुणी नसतं.

आमचं जुनं मशीन मधलं अंगण तेवढं दाखवायचं.
या नव्याला कुंपणही दिसतं,
एका चकाकीत, जवळजवळ अख्खा पडदा:
शेवाळी, तांबूस, ओला,
मधे पिवळट चकती, तिच्यातून फुटलेल्या शिरा,
आणि खालच्या काठाला त्यांच्याच पापण्यांचे केस
खारफुटीसारखे उभे.
मी समजावायला तोंड उघडलं, तर ते
स्क्रीनच्या इतके जवळ आले की काच धुरकटली.
"हें आमचें खाजन."

चाळीस वर्षं बांधावरून चालतोय हा माणूस.
भरतीला मानशीची फळी पाडायची, ओहोटीला उचलायची,
खारं पाणी भातात येता नये.
चकतीवर बोट ठेवलं: ही मानस.
मी म्हटलं, हो, आणि नेमकं तिथेच
डोळ्याला काही दिसत नाही.
"मानशीवर बसणाऱ्याला तरी कुठे काय दिसतं?"

मग बोट शिरेशिरेने वर, बाहेरच्या अंगाला,
जिथे माझीही नजर आधी गेली नव्हती.
नालासारखी लाल फट, भोवती करडी सूज.
"हांगा कुर्लेन बुराक केला."

डॉक्टर म्हणाले, वरचं भोक वाईट,
पाणी खाली झिरपतं, पडदा सोडवत नेतं.
कायतानबाब मान हलवत होते.
बुराक असतो बोटाएवढा.
गावाला कळतं तेव्हा भात पिवळं पडलेलं असतं.

दुपारी लेझर.
भोकाभोवती पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन ओळी.
किती टोपल्या चिखल लागला, त्यांनी विचारलं.
दोनशे बारा, मी म्हटलं.
सुकायला? दोन आठवडे.
तोवर वजन उचलायचं नाही.
ते गप्प झाले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
पुनव होती.

चित्राची प्रत मागून घेतली,
कोमुनिदादच्या बैठकीत दाखवायला.
प्रिंटरमधली निळी शाई संपलेली,
खाजन सगळं तांबडं आलं.
घडी करून खिशात घातलं, काळा चष्मा लावून
धक्क्याकडे गेले.

भरती रात्री साडेअकराला होती.
फळी कुणी पाडली,
पुढच्या तपासणीला मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
ठिपके धरले होते.