कोस्सोचा दिवस

वडील डेब्रे ताबोरच्या टपाल कचेरीत पत्रं निवडायचे.
दर दोन महिन्यांनी एक दिवस ते दार आतून लावून घेत
आणि मी पायरीवर बसून
येईल त्याला सांगायचं,
त्यांनी कोस्सो घेतलाय.

तेवढं पुरे.
भाड्यासाठी आलेले झेलेके आल्या पावली परत जात,
जमिनीवरून कुरबूर असलेला मावशीचा नवरासुद्धा.
बुटका डीकन तर हवेत क्रूस काढून
"सुटका होवो" म्हणे आणि उताराला लागे.
सणावारी कच्चं मांस खाणारं गाव आमचं,
पोटातल्या भाडेकरूची लाज कुणाला असणार?

आई आदल्या रात्री फुलं कुटायची.
मादी झाडाची, गंजाच्या रंगाची,
गेल्या हंगामातली आढ्याला टांगलेली.
रात्रभर भिजत, सकाळी शिंगाच्या पेल्यात, उपाशीपोटी.
माप तिच्या मुठीचं.
मूठ जड पडली की काय होतं
ते खालच्या आळीतल्या वेर्कूला विचारावं.
त्याला तेव्हापासून
फक्त दिवस आहे की रात्र, एवढंच दिसतं.

आठवीत होते, दाराच्या फटीला डोळा लावला.
पेला रिकामा.
खिडकीखालचं गेशोचं झुडूप ओलं.
वडील बाकावर, हात मांडीवर,
ओकत नव्हते, कण्हत नव्हते,
काहीच करत नव्हते.
आमच्या घरात काहीच न करणारा माणूस
मी तोवर पाहिला नव्हता.
डोळा काढून घेतला
आणि पुढच्या पाहुण्याला जरा मोठ्यानंच सांगितलं,
कोस्सो घेतलाय.

मग दवाखान्यात गोळी आली.
चावायची, पाणी प्यायचं, दुपारी कामावर.
आई खूश. झेलेकेही खूश.

आता मी गोंदरला, रात्रपाळीला.
खाटीकखान्यातून आणलेले मेंढीच्या आतड्यातले पट्टकृमी
मिठाच्या कोमट पाण्यात.
सहा बशा. चार बशांत फुलांचा अर्क, चढत्या मापाने,
पाचवीत गोळीचं औषध, सहावीत नुसतं पाणी.
मुठीला इथे मिलिग्रॅम म्हणतात.
दर वीस मिनिटांनी वाकून बघायचं, लिहायचं.
लांब, पांढरे, तोंडही नसलेले जीव,
मळलेल्या नाडीसारखे,
जरा आखडतात, जरा सैल होतात.
किळस पहिल्या आठवड्यात संपली.

डॉक्टर मुलुआलेम बजावून गेलेत,
निपचित म्हणजे मेला नव्हे.
ताज्या कोमट पाण्यात सोडा, टोचा, थांबा.
मगच वहीत मेला लिहा.

चौथी बशी आमच्या घड्याळात रात्री आठला थांबली,
वहीच्या घड्याळात दोनला.
ताज्या पाण्यात सोडलं. टोचलं.
शेपटाकडचा एक पेर
हलला असं वाटलं. किंवा पाणी हललं.
खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

पहाटे वडिलांना फोन केला, ते उठलेलेच असतात.
कोस्सोला किती वेळ लागतो, त्यांनी विचारलं,
जणू मीच तज्ज्ञ.
म्हटलं, मापावर आहे.
मग पंचवीस वर्षं गिळलेलं विचारलं,
गेशोच्या झुडपाचं.

फोनमध्ये कोंबडा आरवला.
"दर वेळी नाही ओतला," ते म्हणाले.
"काही वेळा खरंच जंत असायचे."
आणि जरा थांबून,
"तुला सुट्टी कधी असते?"

अजून दोन बशा बघायच्या होत्या.
बघते म्हटलं,
आणि बाहेरच्या दारावर
आत येऊ नये ही पाटी लावून
स्टुलावर बसले,
हात मांडीवर.